मर्सी वॉरन यांचा क्रांतीचा इतिहास

मर्सी ओटिस वॉरन यांचा अमेरिकन राज्यक्रांतीचा तीन खंडांतला इतिहास १८०५ साली बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ग्रंथात येणारे मॅसॅच्युसेट्समधले बरेच पुढारी त्यांच्या घरच्या ऊठबशीतले होते. त्यांचे बंधू जेम्स ओटिस यांनी १७६१ मध्ये, वाटेल त्या घराची झडती घेऊ देणाऱ्या ब्रिटिश परवान्यांविरुद्ध कोर्टात गाजलेला युक्तिवाद केला होता. पती जेम्स वॉरन मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. स्वतः वॉरनबाईंनी भावांच्या शिकवणीला बसून विद्या मिळवली आणि १७७२ पासून ब्रिटिश गव्हर्नर हचिन्सन यांची टर उडवणारी नाटके निनावी छापली.

ब्रिटिश गेले, तरी सत्तेविषयीचा त्यांचा संशय गेला नाही. १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात राज्यघटनेच्या मसुद्यावर सह्या झाल्या. १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तो १८७ विरुद्ध १६८ अशा निसटत्या बहुमताने मंजूर केला. त्याच साली ‘कोलंबियन देशभक्त’ या टोपणनावाने वॉरनबाईंची घटनाविरोधी पुस्तिका निघाली आणि न्यूयॉर्कमधल्या विरोधकांनी ती हातोहात वाटली. मसुद्यात वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी नाही, दिवाणी खटल्यांत ज्यूरीची खात्री नाही, संघराज्याच्या न्यायालयांच्या अधिकाराला सीमा नाही, असे तिच्यातले आक्षेप होते. दरवर्षी निवडणूक घेण्याची मॅसॅच्युसेट्सची रीत. तिथे सिनेटरला सलग सहा वर्षे बसवणे आणि तोच माणूस कितीही वेळा निवडून येऊ देणे त्यांना घातक वाटले. तीस हजार लोकांमागे जास्तीत जास्त एक प्रतिनिधी, हेही त्यांना फार तोकडे वाटे.

१७९१ मध्ये नागरी हक्कांच्या दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या. त्यामुळे १८०५ च्या इतिहासात घटनेबद्दलचा सूर बराच निवळलेला आहे. माणसांना मात्र त्यांनी सवलत दिली नाही. १७८३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी स्थापन केलेल्या, बापाकडून मुलाकडे सभासदत्व जाणाऱ्या सिनसिनाटी मंडळात त्यांना नव्या सरदारशाहीचे बी दिसले. जुने स्नेही जॉन अ‍ॅडम्स यांच्याविषयी तर त्यांनी लिहिले, की इंग्लंडातल्या मुक्कामानंतर त्यांना राजेशाहीची ओढ लागली आणि त्यांचे पूर्वग्रह कधी कधी विवेकावर मात करतात. हा इतिहास तटस्थ नाही, आणि तो तसा नाही म्हणूनच वाचनीय आहे. अध्यक्ष जेफर्सन यांनी स्वतःसाठी आणि मंत्र्यांसाठी प्रती मागवल्या. १८०० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याकडूनच हरलेल्या अ‍ॅडम्सना त्याने काय वाटले असेल, हे सांगायला नको.

१८०७ च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्स यांनी एकामागून एक लांबलचक, संतापलेली पत्रे पाठवली. क्रांतीतले आपले श्रेय डावलले, ही त्यांची मुख्य तक्रार. बाईंनी त्यांना तितक्याच ठणकावून उत्तरे दिली आणि ग्रंथातला मजकूर मागे घेतला नाही. अबोला धरलेल्या या दोघांत १८१२ मध्ये दोघांचे स्नेही एल्ब्रिज गेरी यांनी समेट घडवला. तरीही पुढच्याच वर्षी अ‍ॅडम्स यांनी गेरींना लिहिले, की इतिहास हे स्त्रियांचे क्षेत्र नव्हे. १८१४ मध्ये मात्र बाईंच्या विनंतीवरून तेच अ‍ॅडम्स बॉस्टनच्या ग्रंथालयात गेले आणि ‘द ग्रुप’ या १७७५ च्या निनावी नाटकाच्या प्रतीवर त्यांनी लेखिकेचे नाव लिहून दिले. त्या ऑक्टोबरात वॉरनबाई वारल्या. घटनाविरोधी पुस्तिका मात्र पुढे शंभरहून अधिक वर्षे गेरींच्याच नावावर राहिली. ती बाईंची, हे त्यांच्या एका पत्रावरून विसाव्या शतकात सिद्ध झाले.