आवारातला डेबियन मिरर
डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली लिनक्स प्रणाली. तिची हजारो सॉफ्टवेअर पॅकेजे जगभरच्या सर्व्हरांवर जशीच्या तशी ठेवलेली असतात. अशा प्रतीला मिरर म्हणतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले पन्नास संगणक एकच अपडेट पन्नास वेळा उतरवू लागले की इंटरनेटची लाइन तुंबते. मिरर आवारातच असला, तर ते बाहेरून एकदाच येते.

संपूर्ण साठा काही टेराबाइटांचा आहे. तो सगळा आणण्याची हौस बहुधा महागच पडते. ‘डेबमिरर’ या मिरर बनवणाऱ्या साधनाला एकच आवृत्ती आणि एएमडी६४ ही एकच प्रोसेसर-रचना सांगितली की पुष्कळ जागा वाचते. पुढच्या फेऱ्यांत फक्त बदललेल्या फायली येतात. इथे क्रम महत्त्वाचा: आधी पॅकेजे, मग त्यांची सूची. उलट झाले, तर सूचीत नाव दिसते पण फाइल सापडत नाही.

फायली अपाचेसारख्या वेब सर्व्हरमार्फत वाटल्या जातात. प्रत्येक संगणकाच्या ‘सोर्सेस’ यादीत नवा पत्ता लिहिला की झाले. वाटेत कोणी फेरफार केला, तर तो लपत नाही, कारण सूचीमागे डेबियनची डिजिटल सही असते आणि प्रत्येक संगणकावरचा ‘ॲप्ट’ हा पॅकेज-व्यवस्थापक ती तपासतो. मिरर शिळा राहणे हा मोठा धोका. सुरक्षा-दुरुस्त्या रोज यायलाच हव्यात. संगणक मोजकेच असतील, तर मिररऐवजी ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हा प्रोग्राम पुरतो. तो मागितलेलीच पॅकेजे साठवतो.