तीन पट्ट्यांची साक्ष

भाईंदरचं नाव झालं स्टीलच्या भांड्यांमुळे, पण इथल्या गाळ्यांमध्ये सुतारकामाची यंत्रंही दिवसभर घरघरत असतात. जवळच्या उत्तनच्या कोळी होडीला वाक लागतो. कपाटाच्या दाराला मात्र सरळ कड हवी, आणि ती काढून देतं रंधा मशीन. त्याला पुढे-मागे दोन टेबलं आणि मधे फिरणारी पाती. टेबलं एकमेकांना समांतर नसतील तर पाती कितीही धारदार असोत, रंधलेल्या दोन फळ्या कडेला कड लावून उजेडाकडे धरल्या की फट दिसतेच. मग बोलणी खातात ती पाती.

टेबल तपासायचं तर खात्रीची लांब सरळपट्टी लागते. चार फुटी अचूक पोलादी पट्टी महाग, आणि एकदा हातातून पडली की तिचा भरवसा गेला. प्लास्टरवाल्याचा ॲल्युमिनियमचा पट्टा भिंतीला चालतो, इथे नाही.

पण पट्टी सरळ आहे हे ठरवायचं कशावरून? यंत्रनिर्माता मॉड्सले याच्या लंडनमधल्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोच्या एका सभेत सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. त्याच्या नावाशी जोडलेली रीत अशी : लोखंडी पाटे तीन घ्यायचे, आळीपाळीने एकमेकांवर टेकवायचे आणि उंचवटे खरवडायचे. दोनच पाटे असले तर एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात गुपचूप बसतो. तिसरा आला की बिंग फुटतं. (श्रेय मॉड्सलेचं की व्हिटवर्थचं, हा वाद जुना आहे.)

सुताराला खरवडायचीही गरज नाही. 18 मिमी प्लायच्या चार इंच रुंद, दोन्ही टेबलांच्या एकूण लांबीहून आखूड अशा तीन पट्ट्या कापायच्या : ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’. प्रत्येकीच्या कडेत तीन स्क्रू : दोन टोकांना, एक मधोमध. डोकी थोडी बाहेर. टोकांचे स्क्रू पुन्हा हलवायचे नाहीत, खेळ सगळा मधल्याचा. पट्ट्या बाकावर आडव्या ठेवून ‘क’ला ‘ख’ भिडवायची आणि स्क्रूंच्या तिन्ही जोड्या टेकेपर्यंत ‘ख’चा मधला स्क्रू फिरवायचा. मग तशीच ‘ग’ही ‘क’शी जुळवायची. आता ‘ख’ आणि ‘ग’ समोरासमोर. मधे फट राहिली, तर ती ‘क’च्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून निम्मीच फट भरेल इतका ‘ख’चा मधला स्क्रू बाहेर काढायचा आणि ‘ख’वरून बाकीच्या दोघी पुन्हा लावायच्या. फट मोजायला फीलर गेज. नसेल तर झेरॉक्सचा कागद, साधारण 0.1 मिमी. मधे फट नसून टोकं सुटत असतील, तर तोच स्क्रू आत घ्यायचा. कुठलीही जोडी भिडवली तरी तिन्ही डोकी टेकली, की काम झालं.

या पट्टीने रेघ मारता येत नाही. तिचे तीन बिंदू तेवढे एका रेषेत असतात. टेबलाला तेवढे पुरतात. टोकाचा आणि मधला स्क्रू मागच्या टेबलावर ठेवायचा, तिसरा पुढच्यावर न्यायचा आणि पुढचं टेबल त्याला टेकेपर्यंत उचलायचं. मग तो स्क्रू पुढच्या टेबलावर जवळ-लांब, दोन्ही कडांना टेकवून पाहायचा. कुठे उजेड दिसला, कुठे पट्टी उचलली गेली, की टेबलाचा कल कळतो.

खाडीकाठच्या पावसाळ्यात प्लाय ओल धरतं, पट्टी वाकते. पोलादी पट्टी बिघडली तर ते कळायला दुसरी आणावी लागते. इथे साक्षीदार दोघी शेजारीच असतात. पुन्हा भिडवायच्या, मधला स्क्रू जरासा फिरवायचा. नंतर टेबलाचा कल काढायला, ते ज्यावर सरकतं त्या पट्टीखाली थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून सारायचा. झेरॉक्सच्या कागदासारखा तोही साधारण 0.1 मिमीच भरतो.