विश्लेषण : पालीचा तलाव ते कंकालेश्वर... दिवाळीच्या सुट्टीत बीड पायी कसे पाहाल?

दिवाळीची सुट्टी लागली की बीडमधल्या गाड्या शिर्डी, महाबळेश्वर, कोकणाच्या दिशेने निघतात. बीड हे अनेकांच्या लेखी जाता-येता लागणारे शहर. धुळे-सोलापूर महामार्गावर चहाला थांबायचे आणि पुढे जायचे. दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण याशिवाय जिल्ह्याची बातमीही फारशी होत नाही. पण पालीपासून बीडच्या जुन्या गावापर्यंत पाण्याचा माग काढत गेले, तर सुमारे एक हजार वर्षांचा इतिहास एका दिवसात पाहून होतो. सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर-बीड रेल्वेही सुरू झाल्याने बाहेरून येणाऱ्यांसाठी एक पर्याय वाढला आहे.

सुरुवात पालीपासून का?

पाली हे बीडच्या दक्षिणेला, महामार्गालगतचे गाव. मागे बालाघाटाचे डोंगर आणि गावाजवळ बिंदुसरा प्रकल्प. बिंदुसरा नदी या डोंगरांतून उतरते, बीड शहराच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा गोदावरीला. म्हणजे पालीहून बीडकडे येणे हे नदीबरोबर उताराने येणे आहे. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पडते, त्याला इथे ‘चादर’ म्हणतात. पावसाळ्यात चादर पाहायला शहरातून मोठी गर्दी होते. पाऊस लांबला असेल तर दिवाळीतही पाणी दिसते, नाहीतर भरलेला तलाव आणि हिरवा डोंगर यावर समाधान मानावे लागते. सांडव्याच्या शेवाळलेल्या दगडांवर सेल्फीसाठी चढणे मात्र टाळलेलेच बरे.

सगळे अंतर पायी जावे का?

नाही. पाली ते बीड हे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. नेहमी चालणाऱ्याला ते जड नाही, पण चौपदरी रस्त्यावर गाड्या वेगात असतात आणि कडेने लहान मुलांना घेऊन चालणे धोक्याचे आहे. त्यामुळे पाली ते खजाना विहीर आणि विहीर ते शहर एवढे दोन टप्पे रिक्षाने करावेत. चालायचे ते तलावाच्या परिसरात, विहिरीभोवती आणि जुन्या गावात. पायी पर्यटनाच्या गप्पा करताना विहिरीपर्यंत जाणारी एक सुरक्षित पायवाट असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

खजाना विहिरीचे पाणी कमी का होत नाही?

या दिवसातला सर्वाधिक वेळ इथे द्यावा. शहरापासून साधारण सहा किलोमीटरवर असलेली ही विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहच्या काळात (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधली. स्थापती म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. बांधकामावर खजिना खर्च झाला म्हणून ‘खजाना’, अशी लोकांमधली कथा.

विहीर गोल आहे. पायऱ्या उतरून आत गेले की पाण्याच्या वर भोवताली फिरता येईल अशी दगडी जागा आहे. तिथे उन्हातही गारवा जाणवतो. विहिरीला भूमिगत कालवे आहेत. दोनांतून पाणी आत येते, एकातून बाहेर जाते. बाहेर जाणारा कालवा जमिनीखालून उताराने बीडच्या दिशेने जातो आणि त्यावर शेकडो एकर शेती भिजत आली. ना मोट, ना पंप.

पाण्याची पातळी वाढतही नाही, घटतही नाही, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. त्यात चमत्कार शोधण्याची गरज नाही. घरावरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तसेच हे काम. बाहेर जाणाऱ्या कालव्याचे तोंड एका ठरावीक उंचीवर आहे. पाणी त्याच्या वर चढले की निघून जाते. आवक घटली तर कालव्यातली धार बारीक होते, पण पाणी त्या तोंडाच्या खाली आपोआप वाहून जाऊ शकत नाही. म्हणून पाहणाऱ्याला पातळी तीच दिसते.

ही रचना चालते ती आसपासच्या जमिनीत पाणी असेपर्यंतच. भूजल आत येणाऱ्या कालव्यांच्या खाली गेले, किंवा कालव्याच्या वाटेवर खोदकाम झाले, की साडेचारशे वर्षांपूर्वीचा हिशेब कोलमडतो. मराठवाड्यात बोअर किती खोल जातात, हे वेगळे सांगायला नको. विहिरीचे दगड जपले आणि भोवतालचे पाणी उपसून टाकले, तर उरेल ती फक्त फोटोची जागा.

शहरात कुठे चालावे?

जुन्या बीडला तटबंदी होती. राजुरी वेस, धोंडीपुरा वेस, कोतवाली वेस ही नावे आजही पत्ते सांगताना वापरली जातात. गल्ल्या अरुंद आहेत, दिवाळीत बाजार गच्च भरतो आणि गाडीपेक्षा चालणारा आधी पोहोचतो. मुघलकालीन जामा मशीदही याच भागात. सुफी संत मन्सूरशाह यांचा दर्गाही बीडमध्ये आहे. महादजी शिंदे त्यांना गुरुस्थानी मानत. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचा दात बीडजवळ पुरला आणि त्यावर थडगे बांधले, अशीही नोंद जुन्या बखरकारांनी केली आहे. इतक्या मोठ्या सुलतानाची आठवण एका दातावर राहावी, हे बीडकरांना सांगायला आवडते.

पुढे बिंदुसरेचा पूल ओलांडून पेठ बीडला जावे. १९८९च्या पुरात याच नदीने शहरात हाहाकार उडवला होता. एरवी पुलावरून खाली पाहिले तर ही तीच नदी यावर विश्वास बसत नाही, इतका कचरा आणि सांडपाणी पात्रात असते. सकाळी पालीला पाहिलेले पाणी डोळ्यांसमोर असेल तर हे जास्तच खटकते.

पेठ बीडमधले कंकालेश्वर मंदिर चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे आहे. तारकाकृती तलविन्यास, चालुक्यकालीन धाटणी आणि बाहेरच्या भिंतींवर शस्त्र घेतलेल्या स्त्रियांची शिल्पे. घाई न करता एक प्रदक्षिणा या शिल्पांसाठीच घालावी. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, दिवाळीत मात्र निवांतपणा मिळतो.

शेवटचा टप्पा कोणता?

पूर्वेकडच्या टेकडीवर खंडेश्वरी आणि खंडोबा. खंडोबा मंदिरासमोरच्या दोन अष्टकोनी दीपमाळा सुमारे ७० फूट उंच आहेत आणि त्यांवर माणसे, प्राणी कोरलेले आहेत. त्या सरदार सुलतानजी निंबाळकरांनी बांधल्या, असे एक मत, तर दुसरे मत महादजींचे नाव घेते. चढण थोडीच आहे, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे. वरून शहर, नदीची रेघ आणि दक्षिणेला पालीकडचे डोंगर दिसतात.

परतीच्या वाटेवर सीताफळे घ्यायला हरकत नाही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि दिवाळीच्या आसपास हंगाम असतो. सुट्टी कार्तिक पौर्णिमेपर्यंत असेल, तर मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी कपिलधारला पायी निघालेल्या दिंड्या बीड परिसरातल्या रस्त्यांवर दिसतील. त्या दिवसांत गाडी चालवणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा.