पहाटेची हवा आणि उतारवयातील फिरणे

पहाटेची हवा शुद्ध असते, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीतही अनेक ज्येष्ठ मंडळी पाच वाजताच फिरावयास निघतात. दमा, जुनाट खोकला किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र या सवयीचा फेरविचार करावा. त्यासाठी हवेचा स्वभाव जाणून घेऊ.

हवेला वजन असते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवेचा भार असतो, हाच वायुदाब. उंचीबरोबर तो घटतो. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर असल्याने येथील दाब मुंबईपेक्षा साधारण ३ टक्क्यांनी कमी असतो. एवढ्याने धाप लागत नाही. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाणही दोन्हीकडे २१ टक्केच. म्हणूनच ‘आज हवेत ऑक्सिजनच नाही’ असे वाटले, तर कारण श्वासनलिका, हृदय किंवा हवेत मिसळलेला धूर यांत शोधावे लागते.

दिवसा उन्हाने जमीन तापते. तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा थंड हवा घेते. या अभिसरणामुळे चुलींचा व वाहनांचा धूर उंच जाऊन विरळ होतो. हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री याउलट घडते. जमीन झपाट्याने थंड होते, जड गार हवा तळाशी साचते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. वैनगंगेचा काठ आणि गावोगावचे तलाव यांमुळे आपल्या जिल्ह्यात ओलाव्याची कमतरता नाही. त्यामुळे धुकेही दाटते. शेकोट्या व जळता पालापाचोळा यांचा धूर त्यातच अडकून राहतो. ऊन वर आले, की हे झाकण हळूहळू विरते.

अशा हवेत श्वासनलिका आकुंचित होऊन दमा उफाळतो. थंडीने रक्तवाहिन्याही आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील ताण वाढतो.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

• हिवाळ्यात ऊन पडल्यावर व धुके विरल्यावरच फिरावयास जावे. धुके हटले नाही, तर त्या दिवशी घरातच चालावे.

• कान, छाती व डोके झाकावे. नाकाने श्वास घ्यावा. दम्याचा पंप जवळ बाळगावा. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

• बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन व प्राणघातक असतो.

• घरातील मंडळींनी लक्ष ठेवावे : छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, धापेमुळे एक वाक्यही पूर्ण न होणे किंवा अचानक गोंधळल्यासारखे वागणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

फिरणे उतारवयातही आवश्यकच आहे. थंडीच्या दिवसांत त्याची वेळ घड्याळ पाहून नव्हे, तर अंगणातील ऊन पाहून ठरवावी.