मधली जागा आणि गळ्यातले मडके

'ए प्लेस इन द मिडल' हा जेमतेम २५ मिनिटांचा माहितीपट आहे, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचा. होनोलुलूच्या एका शाळेत हिनालेइमोआना वाँग-कालू या मूळनिवासी ट्रान्स शिक्षिका मुलांना परंपरेचे गायन आणि हुला नृत्य शिकवतात. सारे त्यांना 'कुमू हिना' म्हणतात. कुमू म्हणजे शिक्षक. सहावीतल्या एका मुलीला मुलांच्या पथकात उभे राहायचे असते. कुमू तिला हाकलत नाहीत. शेवटी त्या पथकाचे नेतृत्व तीच करते.

हवाईच्या समाजात स्त्री-पुरुषांच्या मधल्या माणसांना 'माहू' म्हणत आणि त्यांना मान होता. १८२० साली मिशनरी आले. १८३० साली जाहीर हुलावर बंदी आली. १८९३ साली राणीचे राज्य उलथवले, १८९६ च्या कायद्याने शाळेतून भाषाही हद्दपार केली. आणि १९६० च्या दशकात? माहूंना 'मी मुलगा आहे' असा बिल्ला छातीवर लावावा लागे, नाहीतर पोलीस फसवणुकीच्या कलमाखाली धरीत! हे वाचून ज्याला पेशवाईतले गळ्यातले मडके आठवणार नाही, असा आंबेडकरी माणूस मला दाखवा. आपल्याकडेही ज्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्याच्याच दुसऱ्या भागात हिजड्यांची सरकारी नोंदवही होती.

खरे सांगायचे तर 'परंपरा' हा शब्द ऐकला की मी सावध होतो. मडके आपल्या गळ्यात परंपरेनेच बांधले. पण इथे परंपरा कोण सांगते आहे ते पाहा. जिच्यासारख्यांना बिल्ले लावले, तीच वर्गात खडू घेऊन उभी आहे. ती सहानुभूती मागत नाही, धडा देते. बाबासाहेबांनी आपल्याला सत्तेच्या जागा घ्या म्हणून सांगितले, ते याचसाठी.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यांना मागासवर्ग समजून आरक्षण द्या असे बजावले. त्या निकालाचे आपण वकील मंडळींनी स्वागत केले. पण आपल्या भीमगीतांच्या स्टेजवर माईक कुणाच्या हातात असतो? मिरवणुकीत त्यांनी नाचलेले चालते, विहाराच्या समितीत मात्र नाव सुचवले की सगळे खाली मान घालतात.

येत्या जयंतीच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. विरोध होईल, आणि तो आपल्याच लोकांचा असेल.