दम लागल्यावर विडी सोडून काय उपयोग?

"डॉक्टर, चाळीस वर्षं ओढली. छाती जायची ती गेली. आता सोडून काय होणार?" फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, होऊन 'सीओपीडी' हे नाव कागदावर आले की बरेच रुग्ण मला हेच विचारतात. प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आपल्याकडे दम लागणाऱ्या प्रत्येकाला दमेकरी म्हणतात. पण दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने नलिका आतून सुजून अरुंद होतात, हवेच्या बारीक पिशव्या फाटतात आणि हा अडथळा औषधानेही पूर्ण हटत नाही. गेलेले फुप्फुस परत येत नाही, हे मी रुग्णाला स्पष्ट सांगतो.

पण उरलेले किती वर्षे पुरवायचे, हे अजून हातात असते. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते आम्ही मोजतो. तिशीनंतर निरोगी माणसाचीही ही हवा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. अमेरिका व कॅनडात सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या लोकांवर ११ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांची ही हवा वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटली, कायमचे सोडणाऱ्यांची सुमारे ३० ने. म्हणजे दहा वर्षांत ३६० मिलिलिटरचा फरक. ज्याच्याजवळ जेमतेम सव्वा लिटर उरली आहे, त्याच्यासाठी हा फरक बाजारापर्यंत चालत जाणे आणि खाटेवर बसून राहणे एवढा असू शकतो. पंपाने दम कमी लागतो, तो घ्यायलाच हवा. पण घसरण इतकी रोखणारे दुसरे औषध माझ्या पेटीत नाही.

"सिगारेट सोडली, आता फक्त विडी," असे सांगणारेही भेटतात. तेंदूच्या पानाची विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते. तिच्यातून निकोटीन आणि डांबर काही कमी जात नाही. विडीऐवजी मशेरी किंवा तंबाखू-चुना धरला, तर तोंडाचा कर्करोग दारात उभा!

सोडल्यावर पहिले काही दिवस खोकला वाढू शकतो. इथेच पुष्कळ जण परत फिरतात. "ओढली की कफ मोकळा होतो" ही त्यांची समजूत. खरे म्हणजे नलिकांमध्ये कफ वर ढकलणारे बारीक केस असतात. धुराने ते लुळे पडतात आणि धूर थांबला की पुन्हा कामाला लागतात. साचलेला कफ निघू लागतो, म्हणून हा खोकला. मात्र ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा रक्त दिसले तर दवाखान्यात या.

चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात जास्त, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार हसण्यासारखी नाही. सोडल्यावर बद्धकोष्ठ होतो खरा. कोमट पाणी, पालेभाजी, फळे आणि थोडे चालणे यांनी तो हळूहळू जातो. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ टपरीपासून लांब राहा. निकोटीनचे च्युइंगम मिळते, ते सुपारीसारखे सतत चघळू नये. थोडे चावून गालात धरावे; चहाबरोबर तर नकोच, त्याचा गुण कमी होतो. १८००११२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

घरी ऑक्सिजन लावला असेल, तर त्या खोलीत कोणीही काडी ओढू नये, भडका उडतो.

आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही. दम्यासाठी थिओफिलीनच्या गोळ्या चालू असतील, तर धूम्रपान थांबताच तेच औषध अंगात जास्त साठते. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणे सुरू होते आणि माणसाला वाटते, विडी सोडल्याने प्रकृती बिघडली. म्हणून सोडायची तारीख ठरली की गोळ्यांची पाकिटे घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करावी लागू शकते.