डिजिटल पैसा, आपला पैसा : भाग 7
विजेचं बिल बिटकॉइनने भरलं तर?

मागच्या आठवड्यात बिटकॉइनचं पाकीट कसं चालतं ते पाहिलं. साहजिकच पुढचा प्रश्न येतो : त्यातून भाईंदरच्या घराचं विजेचं बिल भरता येईल का, आणि तेही कोणाला न कळता?

थेट भरता येत नाही. मीरा-भाईंदरला वीज देणारी अदानी इलेक्ट्रिसिटी असो, पाइप गॅसवाली महानगर गॅस असो की घरपट्टी घेणारी महापालिका, सगळ्यांना रुपयेच लागतात. म्हणजे बिटकॉइन घेऊन रुपयांत बिल भरणारा मध्यस्थ आला. त्याला ग्राहक क्रमांक द्यावाच लागतो, आणि त्या क्रमांकामागे तुमचं नाव आणि घराचा पत्ता असतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. समजा, तुमच्या पाकिटात एकाच डिजिटल पत्त्यावर एकरकमी आलेलं 50,000 रुपयांचं बिटकॉइन आहे आणि बिल 2,000 चं. व्यवहारात 2,000 मध्यस्थाकडे जातात आणि उरलेले 48,000, थोडं शुल्क वजा होऊन, तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येतात. बिटकॉइनची खातेवही साऱ्या जगाला उघडी असल्याने मध्यस्थाला नावाबरोबर शिलकीचाही अंदाज येतो. यूपीआयने पैसे घेणाऱ्या वाण्याला तुमच्या खात्यात किती आहेत ते कधीच दिसत नाही.

शिवाय बिटकॉइन घेतानाच ओळख द्यावी लागते. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, म्हणून केवायसी. ती मला गैर वाटत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून कर अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना धमकावलं जाई आणि गिफ्ट कार्डांचे नंबर काढून घेतले जात. पैसा कोणाकडे गेला याचा माग काढणं त्यामुळे अवघड होई.

पण जो कागद मागतो, त्याने तो जिवापाड जपलाही पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं आहे. दोन हजारांच्या बिलासाठी आधार आणि सेल्फी अनोळखी ॲपच्या हवाली करायला माझा साफ विरोध आहे.

त्यात कर आलाच. 1,000 ला घेतलेलं बिटकॉइन 2,000 चं झालं आणि त्यातून बिल भरलं, तर ती विक्रीच धरली जाते : 1,000 च्या नफ्यावर 30 टक्के आणि वर उपकर, म्हणजे 312 रुपये. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातही वळता होत नाही.

तरीही भरायचंच असेल, तर बिलापुरती रक्कम आधी वेगळ्या पाकिटात काढून ठेवू नका. तो धागाही खातेवहीत दिसतो. नोंदणीकृत एक्स्चेंजवर विकून रुपये बँकेत घ्या आणि बिल नेहमीसारखं भरा. खरेदी-विक्रीच्या पावत्या विवरणपत्रासाठी ठेवा. चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या, आणि पॅनच्या झेरॉक्सवर काम व तारीख लिहून आडवी सही करा.